मधुरेखाला जगवलं तो उन्हाळा

मार्च संपत आला की नागपुरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. दुपारचे रस्ते ओस पडतात आणि घराघरांतल्या पोरी अचानक आज्ञाधारक होतात. माझी लेक यंदा दहावीला आहे. कूलरला वाळ्याचे पडदे बांधून झालेत, माठ बदलून झाला, आणि ती ‘आई, भाजी चिरून देऊ का’ असं विचारायला लागली, म्हणजे भूमिती काही डोक्यात शिरत नसणार. परवा रविवारी संध्याकाळी पुस्तक छातीशी धरून ती दाराच्या फटीतून टीव्ही पाहत होती. एरवी मी ओरडले असते. पण पडद्यावर मधुरेखा मरत होती, आणि मधुरेखा मरताना मी कुणाला ओरडू शकत नाही.

म्हणजे सिनेमातच मरत होती. पांढरी साडी, उशीवर पसरलेले केस, नायकाच्या हातात हात. लेक म्हणाली, ‘एवढी खोकतेय, पण हिची लिपस्टिक कशी पुसली जात नाही?’

‘तिचं तसंच होतं,’ मी म्हणाले.

‘तू ओळखत होतीस हिला?’

‘पाच आठवडे मी हिला जिवंत ठेवलं होतं.’

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मग कूलरचा वारा माझ्या बाजूला वळवून दिला. तिला वाटलं, ऊन लागलं.

टॉकीजच्या पडद्यावर ती हत्तीएवढी दिसायची. तिच्या डोळ्यातला थेंब आमच्या घागरीएवढा असायचा. आता टीव्हीच्या लाकडी खोक्यात ती हातभर उरली होती, तरी मला ओळखू आली ती डोळ्यांवरून नाही, तर तंबाखूच्या वासावरून. घरात तंबाखू कुणी खात नाही, पण वास आला. तो वास माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा आहे.

आमची वस्ती इंदोऱ्याकडची. पुरुष कापडाच्या गिरणीत, बाया बिडीवर. सकाळची कामं आटपली की बाया आपापली सुपं घेऊन लिंबाखालच्या भिंतीशी बसायच्या. सूप मांडीवर, सुपात कापलेला तेंदूचा पत्ता आणि जर्दा. चिमूटभर जर्दा पत्त्यावर, दोन बोटांत गुंडाळी, नखानं तोंड मुडपलं, दोऱ्याचा वेढा दिला, की झाली बिडी. मान वर करायची गरज नाही. सावली सरकली की सगळ्या बायाही न बोलता हातभर सरकायच्या. घड्याळ कुणाकडे नव्हतं. सावली तिसऱ्या दारापर्यंत आली की माल घेऊन कारखान्यात जायचं.

हातांना काम होतं, कान मोकळे होते. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. जिला वाचता येतं तिनं वाचायचं, आणि बाकीच्यांनी आपल्या चार-चार बिड्या तिच्या सुपात टाकत राहायचं. वाचणारीचं सूप रिकामं राहू द्यायचं नाही. माझ्या आधी गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा वाचायचे. ते फक्त पुढाऱ्यांची भाषणं वाचत, आणि बाया बसल्या बसल्या पेंगत. मी मॅट्रिक झाले तेव्हा आजोबांची नजर गेली होती. मी वाचायला बसले आणि पहिल्याच दिवशी सिनेमाचं साप्ताहिक काढलं. त्या दिवशी कुणी पेंगलं नाही.

ती साप्ताहिकं सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडची. हिंदी असायची, मुखपृष्ठ फाटलेलं असायचं, कधी दीड महिना जुनी. मी हिंदी वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. ‘अमक्या तारकेने विवाहाच्या वृत्ताचे खंडन केले’ याचं मी ‘थे म्हणते, मी लगन केलंच नाही’ असं करायची. सखूमावशी, माझ्या मायची मोठी मावसबहीण, लगेच म्हणायची, ‘म्हणजे केलं असन.’

सगळ्यांत लाडकी मधुरेखा. तिची सगळी कुंडली बायांना पाठ होती. नऊ वर्षांची असताना आईनं नाचायला उभी केली, शाळा चौथीत सुटली, आठ माणसांचं घर तिच्या पायावर चाललं. बायांचा तिच्या आईवर भारी राग होता. दुर्पताबाई, आमच्या शेजारची, तर त्या आईचा फोटो आला की म्हणायची, ‘पान पलटव वं बेबी, तिचं तोंड नोको दाखवू मले.’ बेबी म्हणजे मी. कॉलेजच्या दाखल्यावर माझं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण वस्तीत ते कुणाला माहीत नव्हतं.

मधुरेखा जवळजवळ प्रत्येक सिनेमात मरायची. सखूमावशी बोटांवर सांगायची. खोकल्यानं दोनदा, विहिरीत एकदा, बाळंतपणात एकदा, नवऱ्यावर झाडलेली गोळी आडवी येऊन घेतली ती एकदा. ‘आन् एकडाव तं काहीच न होता मेली,’ दुर्पताबाई म्हणायची. ‘नुसती खिडकीत उभी होती.’ मग दोन महिन्यांनी नवीन सिनेमा यायचा आणि ती झुल्यावर बसून गाताना दिसायची. मरणं हा तिच्या कामाचा भाग होता, जसा आमच्या कामाचा भाग खोकला होता.

आता मी शाळेत शिकवते. परीक्षेत वर्गावर पर्यवेक्षणाला उभी राहते तेव्हा बाकांवर वाकलेल्या माना पाहून मला तीच लिंबाखालची रांग आठवते. माना तशाच, बोटं तशीच घाईत. फरक एवढाच, की इथे शेजारणीच्या सुपात काही टाकलं तर पेपर काढून घेतात.

त्या वर्षी माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा होती. आमच्या घरात काय, आमच्या ओळीत कुणी कॉलेजचा जिना चढलं नव्हतं. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवत नसे. पांढरी साडी नेसून, वह्या छातीशी धरून मी मुद्दाम चौकातून जायची. पण जानेवारीत मायचं उजवं मनगट सुजलं. कारखान्याचं कार्ड मायच्या नावाचं होतं. माल सारखा कमी पडला की कार्ड दुसरीला मिळायचं, आणि एकदा गेलेलं कार्ड परत येत नसे. बाबा वाईट नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘परीक्षा दे, मी नाही नाही म्हनत. पन तुह्या मायचं सूप उपाशी नोको राहायले.’

म्हणजे हिशेब सरळ होता. मी रोज दुपारी वाचलं, तर मायचं सूप बायांच्या बिड्यांनी भरेल. सूप भरलं, तर सकाळ आणि संध्याकाळ माझ्या अभ्यासाची. आणि बाया बिड्या टाकणार त्या मधुरेखासाठी, असं मला वाटत होतं.

पहिल्या पेपरला आठवडा असताना कॉलेजच्या वाचनालयात मी वर्तमानपत्र उघडलं. आतल्या पानावर दोन कॉलमांत मधुरेखाचा फोटो होता, झुल्यावरचाच, आणि वर ‘निधन’ असं लिहिलेलं. दीर्घ आजार. वय चौतीस. खाली सिनेमांची नावं, ओळीनं.

खरं सांगते, मला रडू आलं नाही. भीती वाटली. मी मनात म्हटलं, आता लिंबाखाली काय वाचू? ही बातमी सांगितली तर बाया चार दिवस हात सुपात घालणार नाहीत, आणि त्यानंतर बाकीच्या तारकांच्या लग्नांसाठी कोण बिड्या टाकेल? एक बाई मेली होती आणि मी माझ्या पेपरांची तारीखवार यादी आठवत होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता लिहिते आहे, कारण त्याची लाज अजून थोडी शिल्लक आहे.

दुपारी मी साप्ताहिक उघडलं, घसा साफ केला आणि वाचलं, ‘मधुरेखानं मोटार चालवायला शिकून घेतली.’

‘काय म्हनते,’ सखूमावशी म्हणाली.

‘हो. पहिल्याच दिवशी निर्मात्याच्या फाटकावर नेऊन आदळली.’

सूप भरलं.

मग मला थांबता येईना. दुसऱ्या दिवशी मधुरेखानं आईला स्वतःच्या पैशानं वेगळं घर घेऊन दिलं आणि आपल्या घराची किल्ली आपल्या कमरेला लावली. एकदा तिनं दोन म्हशी विकत घेतल्या, कारण बाहेरच्या दुधात पाणी असतं. दुर्पताबाईनं म्हशी कोणत्या जातीच्या तेही विचारलं, आणि मी बिनदिक्कत सांगितलं. इंग्रजी साहित्याचे प्रश्न मी सकाळी पाठ करायची आणि मधुरेखाचं आयुष्य दुपारी रचायची. दुसरं काम जास्त सोपं जात होतं.

पहिले दोन पेपर झाले. मग एक दिवस बाया थोड्या चमत्कारिक वागायला लागल्या. पानठेल्यावरच्या रेडिओवर मधुरेखाच्या सिनेमातलं गाणं लागलं की दुर्पताबाई सूप बाजूला ठेवून तरातरा जायची आणि पानवाल्याला म्हणायची, ‘बंद कर गा, आमच्या पोट्टीची परीक्षा हाय.’ मी वाचलं, ‘मधुरेखा म्हणाली, या सिनेमात मी मरणार नाही, कथा बदला,’ तेव्हा सखूमावशीनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, जर्दा गेला असेल.

सगळ्यात मोठं संकट भिंतीवर आलं. टॉकीजवाल्यांनी मधुरेखाचा जुना सिनेमा पुन्हा लावला आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी पोस्टर चिकटवलं. तिच्या फोटोला हार होता. वाचता न येणाऱ्यालाही हार कळतो. मी संध्याकाळभर विचार केला, हे कसं फाडू. सकाळी पेपरला निघाले तर पोस्टर गायब. त्या जागी ओळीनं ओल्या शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या. मधुरेखाची फक्त एक भुवई कोपऱ्यातून दिसत होती. मी मनातल्या मनात त्या अनोळखी म्हशीचे आभार मानले आणि इतिहासाचा पेपर फारच छान लिहिला.

शेवटी शेवटी माझी कल्पना संपत आली. डोक्यात नुसती परीक्षा. मग मी मधुरेखालाही परीक्षेला बसवलं. ‘चौथीत सुटलेली शाळा तिच्या मनाला लागून होती,’ मी वाचलं. ‘म्हणून तिनं मॅट्रिकचा बाहेरून बसायचा फॉर्म भरला.’

‘बाहेरून म्हनजे?’ सुशीलानं विचारलं.

सुशीला माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शाळेत उशिरा आली, म्हणून आम्ही एका बाकावर बसायचो. तिची शाळाही चौथीतच सुटली, तीन धाकट्या भावांपायी. भाऊ शिकले, ती बिडीवर आली. कमी बोलायची. बिड्या मात्र तिच्या सगळ्यात घट्ट, तपासणीत तिची एकही बाद होत नसे.

‘बाहेरून म्हणजे शाळेत न जाता. घरी शिकायचं, परीक्षेला जाऊन बसायचं.’

‘एवढी मोठी बाई? बसू देतेत?’

‘फॉर्म भरला की बसू देतात.’

सुशीला उठून माझ्या मागच्या माठाकडे गेली, पाणी प्यायली, थोडा वेळ तिथंच उभी राहिली आणि जागेवर येऊन बसली. चार बिड्या माझ्या सुपात टाकल्या.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ऊन असं होतं, की रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. मी चालत येताना ठरवलं, आज सांगून टाकायचं. लिंबाखाली आले, तर बाया सुपं बाजूला ठेवून बसलेल्या. हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मायसुद्धा होती. सखूमावशीनं मला मधे बसवलं, गडूभर पाणी दिलं.

‘झाला पेपर?’

‘झाला.’

‘सगळे झाले? एखांदा राह्यला असन तं सांग.’

‘नाही. सगळे झाले. मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय.’

‘आधी आमचं आयक. पानी पे पह्यले.’ मी पाणी प्यायले. सखूमावशीनं माझा हात धरला. ‘मन घट्ट कर. थे मधुरेखा... थे नाही राह्यली वं बेबी.’

मी गडू हातात तसाच धरून बसले.

‘महिना होत आला,’ दुर्पताबाई म्हणाली. ‘सुशीलाले गुळाच्या पुड्याचा कागद भेटला, त्याच्यावर फोटो होता. तिनं अक्षरं लावून लावून वाचलं. तुह्या परीक्षेत कोन सांगते? तू तिच्याच गोष्टी वाचून राहिली होती, जुन्या कागदातल्या. आमाले कसं तरी व्हाये. तू बुद्धिस्टरीच्या पेपरले गेली त्या दिवशी जयंतीच्या मेणबत्त्यातली एक लावली, सगळ्या जणी दोन मिनिटं उभ्या राह्यलो.’

‘इतिहास,’ माय म्हणाली. ‘हिस्ट्री म्हनतेत त्याले.’

‘तेच थे.’

‘आणि त्या गोवऱ्या?’ मी विचारलं.

‘आता मानसानं काय कराव,’ सखूमावशी म्हणाली. ‘ऊन बी चांगलं पडते त्या भिंतीले.’

मग मी सांगितलं. बातमी मला त्यांच्याही आधी कळली होती. मोटार, किल्ली, म्हशी, फॉर्म, सगळं मी मनानं रचलं होतं, कारण मायचं सूप भरायला हवं होतं. बोलताना मी जमिनीकडे पाहत होते. मग दुर्पताबाईला हसू फुटलं. तिनं तोंडावर पदर घेतला, तरी खांदे हलत होते. ‘म्हशीची जात बी सांगतली हो इनं मले.’ मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघीतिघी रडल्याही, ते महिनाभराचं साठलेलं होतं.

सखूमावशी हसली नाही. ती थोडी दुखावली होती. ‘म्हनजे तुले वाटे, आम्ही गोष्टीसाठी बिड्या टाकून राह्यलो? तुह्या मायचा हात सुजला तवाच ठरवलं होतं आम्ही. तू वाचो का नोको वाचो, सूप भरतच होतं. बह्याड कुठची. एवढी शिकली न कळलं नाही तुले?’

नाही कळलं. बी.ए.च्या तीन वर्षांत मला पुष्कळ कळलं, पण ज्या बायांत मी बसत होते त्यांचा भाव मी फार कमी लावला होता.

नंतर त्यांनी मला खरं वाचायला लावलं. ते कात्रण माझ्या वहीत होतं. मी दोन्ही कॉलम वाचले, आजार, वय, सिनेमांची ओळ. बायांचे हात पुन्हा सुपात गेले होते. मी थांबले तर सखूमावशी म्हणाली, ‘जवळ कोन होतं तिच्या?’

‘ते दिलं नाही.’

‘पानी कोनं पाजलं?’

‘तेही नाही.’

‘मंग काय लिवलं एवढं?’ ती म्हणाली. सावली सरकली, आम्ही हातभर सरकलो. ‘तुह्यी मधुरेखा बरी होती त्याच्यापरीस. तिचीच सांग पुढं. परीक्षेत काय झालं तिचं?’

त्या दिवशी सूप बाजूला ठेवून, कागद हातात न घेता मी पहिल्यांदा बोलले. मधुरेखा पास झाली. गणितात थोडक्यात वाचली. सगळ्या तिच्या गणितावर हसल्या.

माझा निकाल जूनमध्ये लागला, सेकंड क्लास. कार्ड मायकडेच राहिलं. पण त्या उन्हाळ्याचं मला जे खरं आठवतं ते निकालाच्या आधीचं आहे. त्या हसण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला आमच्या दारात आली. वेणी घातलेली, धुतलेलं लुगडं.

‘मले माहीत होतं,’ म्हणाली. ‘तू मनानं वाचून राहिली थे. माठाजवळून पाह्यलं मी. तुह्या पानावर केसाच्या तेलाची जाहिरात होती.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘त्यायले सांगतलं असतं तं त्या तुले बोलल्या असत्या. तुले सांगतलं असतं तं तू लाजून बंद केलं असतं. पेपर कोनं देल्ले असते मंग?’ म्हणजे दोन्हीकडचं तिनं एकटीनं पोटात ठेवलं होतं, आणि त्या दिवसांतही तिची एकही बिडी बाद झाली नव्हती. मग ती माझ्या चपलांकडे बघत म्हणाली, ‘थो बाहेरून बसाचा फॉर्म. थो बी मनानंच होता, का खरंच भेटते?’

‘खरंच भेटतो.’

‘चाल मंग.’

आम्ही दोघी उन्हाच्या आधी पायी निघालो. परीक्षा मंडळाच्या कचेरीत खिडकीवरच्या बाबूनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म माझ्या हातात दिला. मी बाकावर बसले, पेनाचं टोपण काढलं आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला गेले. सुशीलानं माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं.

‘सरक तिकडं,’ ती म्हणाली, आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर दोऱ्याचा वेढा द्यावा तसं घट्ट, आपलं नाव आपणच लिहायला लागली.